ज्वारीचे बिनगव्हाचे पाव : गिरणीपासून डब्यापर्यंत

घरात कुणाला सिलिअ‍ॅक निघाला (गव्हा-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मग काय झालं, ज्वारीची भाकरी खायची!" म्हणणारा चुकत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, भगर यांत ग्लूटेन नसतं आणि मराठवाड्याचं निम्मं ताट तसंही त्यांच्यावरच चालतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात गेलं तर उंडे, आंबील पोटभर खाता येतं. हात आखडावा लागतो तो गव्हाच्या खिरीपाशी. अडतं ते पावापाशी. वडापाव, पावभाजी, मिसळ, वर्गातल्या कुणाच्या वाढदिवसाचं सँडविच. आमच्या मुलाला भाकरीचा कंटाळा कधी आला नाही, पण बाकीची पोरं पावभाजी खाताना आपण नुसती भाजी चमच्याने खायची, हे त्याला काही रुचेना. तिथून हे पाव आमच्या घरात आले.

बेकरीत 'ज्वारी ब्रेड', 'रागी ब्रेड', 'मल्टिग्रेन' असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीकच जास्त असते, ज्वारी नावापुरती. घरी करणं हाच भरवशाचा मार्ग. आणि ज्याला भाकरी थापता येते त्याला हे पाव लवकर जमतात. मैद्याचे पाव करून ज्याचा हात बसलाय त्याला उलट जरा जड जातं, कारण त्याचा हात पीठ मळायला शिवशिवतो आणि इथे मळण्यासारखं काही नसतंच.

१. आधी तपासणी, मग पथ्य

हे पावाचं काम नाही, पण इथेच बरेच जण घसरतात. पोट बिघडतंय म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गहू बंद करायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला जायचं, हे करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींसाठी पोटात गहू जात असावा लागतो. गहू आधीच सुटला असेल तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. तपासणी पूर्ण होऊन डॉक्टरांनी सांगेपर्यंत नेहमीचं जेवण चालू ठेवा.

आणखी एक. खपली गहू चालतो, असं सांगणारा प्रत्येक लग्नात एक तरी भेटतो. खपली हाही गहूच, त्यात ग्लूटेन आहे. रवा, शेवया, दलिया, मैदा, जव हे सगळं बाद. सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतो, तेही बाद.

२. गिरणीचा बंदोबस्त

पाककृती कुठेही मिळेल. आपल्याकडे पाव बिघडण्याआधी पथ्य बिघडतं ते गिरणीत. ज्वारीत ग्लूटेन नाही हे खरं, पण ज्या दगडांत ती दळली जाते तिथे पाच मिनिटांपूर्वी कुणाचा तरी दहा किलो गहू गेलेला असतो. गिरणीवाले दादा प्रेमाने सांगतात, "ताई, ज्वारीवरच ज्वारी टाकतो, काळजी करू नका." त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण दगडांच्या खाचांत, कापडी पिशवीच्या शिवणीत, खालच्या डब्याच्या कोपऱ्यात कणीक बसलेलीच असते. 'सकाळी पहिलं दळण आपलं' हा उपायही पुरत नाही, कारण कालचं शेवटचं दळण कुणाचं होतं?

आकडा डोळ्यांसमोर ठेवला की हे पटतं. ग्लूटेनमुक्त म्हणवून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं, असा नियम आपल्या एफएसएसएआयचाही, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाही, आहे. कणकेत साधारण दहा टक्के ग्लूटेन धरलं तर किलोभर ज्वारीच्या पिठात २०० मिलिग्रॅम कणीक मिसळली की ही मर्यादा गाठली. म्हणजे एक चिमूट, तीही हात आखडून घेतलेली.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत.

घरगुती चक्की घेतलीत तर उत्तम, पण ती नवी हवी आणि तिच्यात गहू कधीच दळायचा नाही. पाहुण्यांसाठीसुद्धा नाही, शेजारच्या वहिनींसाठीही नाही. जुनी वापरलेली चक्की स्वस्तात मिळते. तिच्या आत कुणाचा गहू आहे ते तुम्हाला दिसणार नाही, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी वाट बंद पाकिटाची. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' स्पष्ट छापलेलं हवं. मागे बारीक अक्षरांत 'या कारखान्यात गव्हावरही प्रक्रिया होते' असं असेल आणि पुढे ग्लूटेनमुक्त असल्याचा दावा नसेल, तर ते पाकीट परत ठेवा.

तिसरी वाट मिक्सरची. थोड्या थोड्या ज्वारीला फिरवून बारीक चाळणीने दोनदा चाळायचं. कष्ट आहेत, पीठ किंचित रवाळ राहतं, पण आठवड्याला एक घाणा पाव करायचे तर भागतं.

दाण्याकडेही बघा. मोंढ्यातून (धान्यबाजारातून) आणलेल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात, कारण मळणीयंत्र तेच, पोती तीच, आडतीवरची ताडपत्रीही तीच. ताटात पसरून उजेडात निवडा, धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओल राहिली तर पिठाला वास येतो.

पावासाठी रब्बीची पांढरी टपोरी ज्वारी घ्या. मालदांडी, परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, जालन्याकडची दगडी, यांतली हाताशी असेल ती. खरिपाच्या पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी पावाला कडवटपणा आणते. पीठ ताजं हवं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी जशी काठाला चिरते, तसा पावही वरून तडकतो.

३. सामान

नऊ पावांसाठी, आठ इंची चौकोनी डब्याच्या मापाने:

ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम
तांदळाचं बारीक पीठ ८० ग्रॅम
टॅपिओका स्टार्च किंवा साबुदाण्याचं पीठ १२० ग्रॅम
इसबगोल २० ग्रॅम
पाणी एकूण ३८० मिली
दाणेदार ड्राय यीस्ट ७ ग्रॅम
साखर २० ग्रॅम
मीठ ७ ग्रॅम
तेल ३० ग्रॅम
घट्ट दही २ मोठे चमचे

शिवाय ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल वजनकाटा. वाटी-चमच्याच्या मापावर हे पाव करू नका. तुमची वाटी आणि माझी वाटी वेगळी, शिवाय इसबगोल इतकं हलकं असतं की चमचा थोडा दाबून भरला तरी सगळं गणित फिरतं.

आता एकेका जिनसाबद्दल.

इसबगोल या पावाचा कणा आहे. मैद्याच्या पावात यीस्टची हवा धरून ठेवण्याचं काम ग्लूटेनची जाळी करते. इथे ते इसबगोलाच्या चिकट लगद्याकडून करून घ्यायचं. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी भुसीच आणा. संत्र्याच्या स्वादाची, साखर घातलेली, फसफसणारी नको. पाकिटावर घटकांच्या जागी इसबगोल एवढा एकच शब्द असला पाहिजे. काही ब्रँडची भुसी भाजल्यावर पावाला जांभळट-राखाडी झाक देते. खायला त्याने काही होत नाही, फक्त पुढच्या वेळी दुसरा ब्रँड बघा.

साबुदाणा घरात असतोच, तो मंद आचेवर कोरडा भाजून मिक्सरमधून काढला तरी चालतो, पण चाळून घ्या आणि पाणी दोन-तीन चमचे जास्त लागेल हे धरून चाला. मला टॅपिओका स्टार्चचं बंद पाकीट जास्त भरवशाचं वाटतं, पाव हलका होतो. दोन्ही नसेल तर कॉर्नफ्लोर, म्हणजे ते पांढरं शुभ्र चुरचुरणारं. पिवळं मक्याचं पीठ इथे उपयोगाचं नाही. तांदळाऐवजी भगरीचं पीठ घालायचा मोह होतो. घालता येतं, पण सुटं विकत घेऊ नका. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या भागात येतच असतात. भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच बारीक करा.

पाणी जारचं किंवा फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्याने चव उतरते.

नुकतंच निदान झालेल्या काहींना दूध-दही पचत नाही. त्यांच्यासाठी दह्याऐवजी चमचाभर लिंबाचा रस आणि दोन चमचे पाणी. जवापासून केलेला माल्ट व्हिनेगर मात्र नको.

४. उकड आणि लगदा

वरच्या १५० ग्रॅममधलं ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ एका भांड्यात घ्या. त्यावर १०० मिली खळखळतं पाणी ओता आणि लगेच घोटा. विरी कमी असलेल्या पिठाला भाकरीसाठी आपण जे करतो तेच हे काम. उकळत्या पाण्याने पिठातलं स्टार्च शिजून चिकट होतं, पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि ज्वारीचा कच्चट वास जातो. पाणी कोमट झालं असेल तर हे घडत नाही, म्हणून चुलीवरून सरळ भांड्यात. झाकून ठेवा, हाताला सोसेल इतकं निवलं पाहिजे.

दुसऱ्या भांड्यात २२० मिली साधं पाणी घ्या आणि एका हाताने इसबगोल भुरभुरवत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. सगळं एकदम टाकलं तर गाठी होतात आणि त्या पुढे कशानेच मोडत नाहीत. दहा मिनिटं ठेवलं की चमचा उभा राहील इतका घट्ट लगदा होतो. तसा झाला नाही तर भुसी जुनी आहे किंवा वजन चुकलं आहे. पुढे जाऊ नका, इथेच दुरुस्त करा.

उरलेलं ६० मिली पाणी कोमट करा. बोट घातलं तर गरम किंवा गार काहीच जाणवू नये, इतपत. त्यात साखर आणि यीस्ट. दहा मिनिटांत वर फेस आला पाहिजे. नाही आला तर यीस्ट मेलेलं आहे, ते टाकून द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातलं यीस्ट लवकर मरतं, म्हणून पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये.

५. कालवणं

परातीत उरलेलं ज्वारीचं पीठ, तांदळाचं पीठ, स्टार्च आणि मीठ एकत्र चाळा. त्यात निवलेली उकड, इसबगोलाचा लगदा, फेसाळलेलं यीस्ट, दही आणि तेल घाला. लाकडी काठवट वापरणार असाल तर ती या कामासाठी वेगळी हवी. जुन्या काठवटीच्या भेगांत वर्षानुवर्षांची कणीक असते. स्टीलची परात धुतली की स्वच्छ होते.

आता हाताने किंवा मजबूत डावाने पाच मिनिटं फेटल्यासारखं कालवा. सुरुवातीला तुकडे तुकडे दिसतील, उकड एकीकडे, लगदा एकीकडे. तळहाताच्या टाचेने परातीला घासत राहा, भाकरीचं पीठ रगडतो तसं. मग सगळं एकजीव होतं. तयार झालेलं पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि भाकरीच्या पिठापेक्षा सैल असतं. बोटांना चिकटतं पण ओघळत नाही. नव्या माणसाचा हात इथे कोरड्या पिठाकडे जातो. जाऊ देऊ नका. दहा मिनिटं झाकून ठेवा, इसबगोल आणि तांदूळ पाणी ओढतात आणि पीठ आपोआप सावरतं. तरीही फारच सैल वाटलं तर चमचाभर तांदळाचं पीठ, त्याहून जास्त नाही. कोरडं पीठ वाढवत गेलात तर पाव विटेसारखे होतात, हे मात्र नक्की.

६. वळणं आणि फुगवणं

डब्याला तेल लावून तळाला बटर पेपर घाला. हात पाण्यात बुडवा आणि साधारण ९०-९५ ग्रॅमचा गोळा उचला. दोन्ही ओल्या तळव्यांत हलक्याने फिरवून गुळगुळीत करा. वरची रेघ, भेग इथेच बोटाच्या ओल्या टोकाने पुसून टाका. भाजताना ती मिटत नाही, रुंद होते. गोळे डब्यात तीन-तीनच्या ओळीत, एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि त्या आधाराने वर चढतात. सुटे ठेवले तर पसरतात.

मैद्याच्या पावाला दोनदा फुगवतात. इथे एकदाच. फुगलेलं पीठ दाबून पुन्हा वळलं तर गेलेली हवा परत येत नाही.

वेळ घड्याळावर ठरवू नका, ऋतूवर ठरवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या पुढे असतो, तेव्हा अर्ध्या तासाच्या आतच पाव तयार होतात. डिसेंबरच्या थंडीत परभणी-नांदेडकडे तास-सव्वा तास लागतो. बंद ओव्हनमध्ये शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवा. दोन्ही वेळा खूण एकच: गोळे दीडपट झाले की पुरे. दुप्पट व्हायची वाट बघू नका. वर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसायला लागली म्हणजे उशीर झालाय, लगेच भाजायला घाला.

७. भाजणं

ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. खालच्या जाळीवर वाटीभर उकळतं पाणी ठेवा. पावांवर तेलाचा हलका हात फिरवून मधल्या जाळीवर ठेवा आणि ३० ते ३५ मिनिटं भाजा. पंचवीस मिनिटांनंतर वरून लाल होऊ लागले तर वर फॉइल टाका, पण वेळ कमी करू नका. आत पाणी जास्त असतं, रंग आधी येतो आणि शिजणं मागे राहतं. थर्मामीटर असेल तर मधल्या पावाच्या पोटात ९६ अंश किंवा जास्त दिसले पाहिजेत. नसेल तर एक पाव उलटा करून तळाला टिचकी मारा. पोकळ आवाज आला पाहिजे.

लाइटचं वेळापत्रक बघूनच यीस्ट भिजवा. ओटीजी इन्व्हर्टरवर चालत नाही. मध्येच लाइट गेली तर दार उघडू नका, थोडा वेळ आतली धग काम करते. वीस मिनिटं होऊन गेली असतील तर डबा सरळ जाड बुडाच्या कढईत, तिवईवर ठेवून, झाकण लावून मंद आचेवर पुरं करता येतं. ओटीजी नसेल तर सगळंच कढईत, ४५ मिनिटं. वरून रंग येत नाही, पण पावभाजीसाठी तव्यावर लोणी सोडून परतायचेच असतात.

८. कापण्याची घाई

गरम पाव कापायचा नाही. घरभर वास सुटलेला असतो, पोरं भोवती उभी असतात, सगळं खरं. पण गरम असताना आतलं स्टार्च अजून बसलेलं नसतं. सुरी घातली की आतून लगदा दिसतो आणि कच्चा राहिला असं वाटतं. डब्यातून लगेच काढा, जाळीवर ठेवा, किमान एक तास. सुरीही वेगळी, बेकरीचा ब्रेड कापायची नको.

९. बिघडलं तर

पूर्ण थंड झाल्यावरही आतून चिकट आहे: भाजणं कमी पडलं किंवा साबुदाणा जास्त झाला. वरून भेगाळला: पाणी कमी. छान फुगून ओव्हनमध्ये बसला: फुगवताना वेळ जास्त गेला. कडवट: पीठ जुनं. खाल्ल्यावर पोट फुगलं, तर एकदम तीन पाव खाल्ले का ते विचारा. इसबगोल आहे, सवय लागेपर्यंत एक पाव आणि सोबत भरपूर पाणी.

आणि पाव उत्तम होऊनही त्रास झाला तर पावाकडे बघू नका, ताटाकडे बघा. भाजीतला हिंग बघा. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीच्या मागे वाचा, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. लोण्याची डबी बघा, तिच्यात कुणाच्या तरी ब्रेडचे कण असतात. तवा बघा, त्यावर सकाळी पोळ्या झाल्या का? वडा घरचाच हवा, कारण बाहेरच्या कढईत त्याच तेलात समोसेही तळतात. पाव करायचे त्या दिवशी आमच्याकडे आधी पाव, ओटा पुसून झाला की मग पोळ्या. कणकेचं परथन हवेत उडतं आणि उघड्या परातीत बसतं.

१०. ठेवणं

पहिल्या दिवशी हे पाव सर्वांत चांगले, दुसऱ्या दिवशी चालण्यासारखे, तिसऱ्या दिवशी कोरडे. फ्रीजच्या खालच्या खणात ठेवू नका, तिथे ते आणखी लवकर कडक होतात. थंड झाल्यावर मधून कापून, दोन-दोन पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, तीन-चार आठवडे टिकतात. डब्यासाठी सकाळी काढायचे, ओला हात फिरवून झाकणाखाली मंद तव्यावर चार-पाच मिनिटं. डब्यात गरम असताना बंद करू नका, घाम सुटून तळ ओला होतो.

कडक झालेले टाकू नका. मिक्सरमधून चुरा करा, कढईत कोरडा भाजा आणि बरणीत भरा. कटलेटला, टिक्कीला वरून लावायला कामाला येतो. बरणीवर ठळक अक्षरात नाव घाला, नाहीतर घरातलं कुणीतरी उरलेल्या साध्या टोस्टचा चुरा त्यातच ओतून मोकळं होतं.